शुक्राणूंच्या तपासण्यांवरून उपचाराचे यश आधी सांगता येते का?

वाचकाचे पत्र: माझे वय ३६ आणि पत्नीचे ३३. तीन वर्षे प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. पत्नीच्या तपासण्यांत दोष आढळला नाही. माझ्या वीर्यतपासणीत नमुना ३ मिलिलिटर, शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला १४ मिलियन, पुढे सरकणारे शुक्राणू ३४ टक्के आणि सामान्य आकाराचे ३ टक्के असे आकडे आले. नमुना देण्याच्या महिनाभर आधी मला चार-पाच दिवस जोराचा ताप होता. त्याच सुमारास केलेल्या शुक्राणूंच्या डीएनए तपासणीत ३१ टक्के खंडन (डीएनएच्या धाग्यांतील तुटी) दाखवले आहे. दोनदा आययूआय (धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे) झाले, पण उपयोग झाला नाही. आता डॉक्टरांनी आयव्हीएफ (स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे शरीराबाहेर फलन घडवणे) सुचवले आहे. त्याआधी शुक्राणूंच्या प्रगत तपासण्यांचा एक संच करून घ्यावा, त्यावरून उपचार यशस्वी होईल की नाही ते कळेल, असे एका प्रयोगशाळेने सांगितले. या तपासण्या कराव्यात का? माझे आकडे पाहता आयव्हीएफ करण्यात अर्थ आहे का? पत्नीला माझ्यामुळे हे सारे सोसावे लागत आहे, या विचाराने मला झोप लागत नाही.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी थेट देते. आपल्या आकड्यांत आयव्हीएफ व्यर्थ ठरवणारे काहीही नाही. आणि एखाद्या जोडप्याला उपचारातून मूल होईल की नाही हे आधीच खात्रीने सांगू शकेल अशी शुक्राणूंची कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. शुक्राणूंच्या तपासण्यांतून बरेच काही कळते. परंतु ते मुख्यतः कोणता उपचार निवडावा आणि पुरुषाच्या शरीरात दुरुस्त होण्याजोगे काही आहे का, याविषयी असते. आपल्यापुढचा निर्णयही याच दोन गोष्टींचा आहे, म्हणून आपला अहवाल त्या दृष्टीने वाचू या.

अहवालात प्रत्येक आकड्यासमोर जी किमान मर्यादा छापलेली असते, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीविषयीच्या पुस्तिकेतून घेतलेली असते. या पुस्तिकेची पहिली आवृत्ती १९८० मध्ये निघाली आणि सहावी २०२१ मध्ये. सहाव्या आवृत्तीनुसार मिलिलिटरला १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू. संपूर्ण नमुन्यात मिळून ३ कोटी ९० लाख. पुढे सरकणारे ३० टक्के. आणि सामान्य आकाराचे ४ टक्के अशा या मर्यादा आहेत. त्या कशा ठरल्या हे रुग्णाला सहसा कोणी समजावून सांगत नाही, आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. ज्यांच्या पत्नींना प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात दिवस गेले, अशा निरनिराळ्या देशांतील पुरुषांचे आकडे एकत्र केले गेले, प्रत्येक मोजमापानुसार ते चढत्या क्रमाने लावले गेले आणि तळातल्या पाच टक्क्यांवर रेघ ओढली गेली. म्हणजे त्या रेघेखाली राहिलेल्या पाच टक्के पुरुषांच्या घरीही वर्षभरात गर्भधारणा झालेलीच होती. परीक्षेत ३५ गुण मिळाले तर उत्तीर्ण आणि ३४ मिळाले तर नापास, असा अर्थ या रेघेला नाही. संख्येची हीच मर्यादा १९९९ च्या आवृत्तीत २० मिलियन होती, २०१० मध्ये ती १५ झाली आणि आता १६ आहे. या काळात मर्यादा ठरवण्याची पद्धत बदलली, हे तिच्या बदलण्याचे मोठे कारण आहे.

आता आपले आकडे पाहू. मिलिलिटरमागे १ कोटी ४० लाख ही संख्या रेघेच्या थोडी खाली आहे. परंतु आपला नमुना ३ मिलिलिटरचा होता, त्यामुळे संपूर्ण नमुन्यात ४ कोटी २० लाख शुक्राणू होते, आणि ही बेरीज ३ कोटी ९० लाखांच्या मर्यादेच्या वर आहे. वृषणांचे काम किती चालले आहे हे या एकूण संख्येवरून अधिक चांगले कळते, कारण मिलिलिटरमागची संख्या नमुन्यात द्रव किती मिसळला आहे त्यानुसार वरखाली होते. पुढे सरकणाऱ्यांचे ३४ टक्के हे प्रमाणही मर्यादेच्या वर आहे. राहिला आकाराचा आकडा. ही मोजणी साधारणतः दोनशे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करतात, म्हणजे ३ टक्के आणि ४ टक्के यांतला फरक सहा शुक्राणू आणि आठ शुक्राणू एवढाच. खरे प्रमाण ४ टक्के असले, तरी दोनशेच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने २ टक्के किंवा ६ टक्के असा आकडा सहज येऊ शकतो. शिवाय कोणत्या शुक्राणूला सामान्य म्हणायचे याविषयी दोन अनुभवी तंत्रज्ञांतही मतभेद होतात. आपल्या ३ टक्क्यांवरून भविष्याबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तापाचे आहे, आणि ते आपण ओघात लिहून गेला आहात. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यानंतर अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीतून, पुढे येण्यात त्याचे आणखी काही दिवस जातात. जोराच्या तापाने घडणीत असलेल्या शुक्राणूंना इजा होते आणि तिचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने वीर्यात दिसतो. महिनाभरापूर्वी ताप येऊन गेला असताना दिलेला नमुना आपली नेहमीची स्थिती दाखवतो असे धरता येत नाही, आणि डीएनए खंडनाचा ३१ टक्के हा आकडाही त्याच काळातला आहे. ताप नसतानाही एकाच पुरुषाचे आकडे नमुन्यागणिक इतके बदलतात की एका अहवालावर निर्णय न घेता किमान दोन तपासण्या कराव्यात, असेच सांगितले जाते. तेव्हा ताप उतरल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्यावर दुसरी तपासणी करावी. त्याआधी दोन ते सात दिवसांचा लैंगिक संयम पाळावा आणि दोन्ही वेळी तो शक्यतो सारख्याच दिवसांचा असावा. नमुना घरी घेतल्यास तो अंगाच्या उबेत ठेवून प्रयोगशाळेत लवकर पोहोचवावा, कारण तपासणी तासाभराच्या आत सुरू व्हायला हवी. नमुन्याचा सुरुवातीचा भाग सांडला असेल तर संकोच न करता तसे सांगावे. बहुतांश शुक्राणू त्याच भागात असतात आणि तो गेला तर संपूर्ण अहवाल चुकीचा ठरतो.

हे आकडे सुपीक आणि वंध्य पुरुषांना कितपत वेगळे करतात, याचा शोध डेव्हिड गुझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. मूल होत नसलेल्या जोडप्यांतील ७६५ आणि मूल झालेल्या जोडप्यांतील ६९६ पुरुषांच्या नमुन्यांची तुलना करून त्यांनी २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिलिलिटरला १३.५ मिलियनच्या खाली वंध्यत्वाची शक्यता वाढते, ४८ मिलियनच्या वर ती कमी होते, आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात ठामपणे काहीच म्हणता येत नाही, असे त्यांना आढळले. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की कोणत्याही एका मोजमापावरून पुरुष वंध्य आहे असे निदान करता येत नाही, असे त्यांनी नमूद केले. आपली संख्या याच मधल्या पट्ट्यात येते.

नेहमीच्या तपासणीची ही स्थिती आहे, मग प्रगत तपासणीने तरी यश का सांगता येऊ नये, असा प्रश्न आपल्या मनात येईल. याचे मूळ तपासणीच्या स्वरूपातच आहे. शुक्राणूचा डीएनए तपासायचा तर त्याला आम्लात किंवा रंगद्रव्यात घालावे लागते आणि त्या क्रियेत तो नष्ट होतो. म्हणजे जो शुक्राणू तपासला तो कधीच बीजापर्यंत जात नाही, आणि जो बीजापर्यंत जातो तो कधीच तपासलेला नसतो. अहवालात येतो तो कोट्यवधींच्या समूहाचा सरासरी गुण. उपचाराच्या दिवशी नमुना धुतल्यावर त्यातले चपळ शुक्राणू वेगळे काढले जातात आणि त्यांतल्या एकेकाचाच बीजाशी संबंध येतो. शिवाय यश म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे. फलन होणे, भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट अवस्थेला पोहोचणे, तो गर्भाशयात रुजणे, गर्भ टिकणे आणि मूल जन्माला येणे या एकापुढच्या एक पायऱ्या आहेत. शुक्राणूंच्या तपासण्यांचा संबंध पहिल्या पायरीशी सर्वांत जवळचा असतो आणि पुढे तो विरळ होत जातो, कारण पुढच्या पायऱ्यांवर स्त्रीचे वय, बीजांची प्रत आणि गर्भाशय यांचा प्रभाव वाढतो. डीएनएमधील काही तुटी दुरुस्त करण्याची क्षमताही बीजात असते आणि ती वयानुसार कमी होते. त्यामुळे खंडनाच्या एकाच आकड्याचा परिणाम सर्व जोडप्यांत सारखा होत नाही.

या क्षेत्रात असा अनुभव पूर्वीही आलेला आहे. १९७६ मध्ये र्‍यूझो यानागिमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या बीजाचे बाहेरचे कवच काढून माणसाचा शुक्राणू त्यात शिरतो का, हे पाहण्याची पद्धत मांडली. पुढची काही वर्षे शुक्राणूची फलनक्षमता ओळखण्याची खात्रीची कसोटी म्हणून अनेक केंद्रांत ती वापरली गेली. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथील जानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू सुईने बीजात सोडून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. हीच इक्सी पद्धत. इक्सीत शुक्राणूला स्वतः बीजात शिरावेच लागत नाही, तेव्हा त्या कसोटीला उपचाराच्या दृष्टीने अर्थ उरला नाही आणि ती मागे पडली. तपासणी जी क्षमता मोजते, तिची गरजच उपचाराने उरत नसेल, तर त्या तपासणीवरून उपचाराचे यश कळणार नाही. आजच्या प्रत्येक नव्या तपासणीलाही हा विचार लावून पाहावा.

डीएनए खंडनाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याला अधिक भीती त्याच आकड्याची वाटलेली दिसते. ही तपासणी निरर्थक नाही. खंडनाचे प्रमाण जास्त असलेल्या पुरुषांत नैसर्गिक गर्भधारणेचे आणि आययूआयच्या यशाचे प्रमाण कमी असते, गर्भपातांशीही त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आयव्हीएफशी आणि विशेषतः इक्सीशी मात्र तो संबंध बराच क्षीण आहे. ही तपासणी एससीएसए, ट्यूनेल, कॉमेट आणि हॅलो अशा वेगवेगळ्या पद्धतींनी होते आणि एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी ताडून पाहता येत नाही. ३० टक्के ही बहुधा उल्लेखिली जाणारी मर्यादा एससीएसए पद्धतीची आहे. आपला ३१ टक्के हा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे अहवालावर पाहावे. तो एससीएसएचाच असला, तरी एका टक्क्याचा फरक आणि जवळच येऊन गेलेला ताप या दोन्ही गोष्टी लक्षात घेता त्याला मी निर्णायक मानणार नाही. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशन आणि अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन यांच्या २०२० च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत वंध्यत्वाच्या प्राथमिक तपासणीत ही चाचणी करू नये असे म्हटले आहे. वारंवार गर्भपात होत असलेल्या जोडप्यांत मात्र तिचा विचार करायला सांगितले आहे. आपल्याकडे गर्भपाताचा इतिहास नाही.

शुक्राणूंची निवड सुधारून यश वाढवण्याचे जे उपाय अशा संचांबरोबर सुचवले जातात, त्यांचेही तसेच आहे. हायलुरोनन या पदार्थाला चिकटणारे शुक्राणू अधिक परिपक्व असतात, या आधारावर ते निवडून इक्सी करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांत पारखली गेली आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. पूर्ण दिवसांचे जिवंत मूल होण्याचे प्रमाण या पद्धतीने २७.४ टक्के आणि नेहमीच्या इक्सीने २५.२ टक्के होते. हा फरक योगायोगाच्या कक्षेत बसणारा ठरला. व्हिएतनाममध्ये शुक्राणूंची एकूण संख्या आणि गती सामान्य असलेल्या १,०६४ जोडप्यांत साध्या आयव्हीएफची इक्सीशी तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत इक्सीने जिवंत जन्मांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढल्याचे दिसले नाही.

काही तपासण्या मात्र खरोखरच पुढचे सांगतात, आणि त्या कोणत्या हे माहीत असलेले बरे. वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील, तर वाय गुणसूत्राचा काही भाग गहाळ आहे का हे पाहतात. एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गहाळ असेल, तर शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि ती शस्त्रक्रिया टाळता येते. बहुतेक सर्व शुक्राणूंची डोकी गोल असतील आणि त्यांवर बीजात शिरण्यासाठी लागणारी टोपी नसेल, तर साध्या आयव्हीएफने फलन होत नाही, हेही आकाराच्या तपासणीतून आधी कळते. या दुर्मीळ अवस्था आहेत. आपल्या अहवालात यांतले काही नाही.

आपल्या उपयोगाचा एक आकडा कदाचित आपल्याकडेच आहे. आययूआय करताना नमुना धुऊन त्यातले चपळ शुक्राणू वेगळे काढतात आणि ते किती मिळाले याची नोंद सहसा ठेवली जाते. दोन्ही खेपांच्या त्या नोंदी मागून घ्याव्यात. धुतल्यानंतर किती चपळ शुक्राणू हाती लागतात, यावरून साधे आयव्हीएफ पुरेल की इक्सी लागेल हे ठरवायला डॉक्टरांना मोठी मदत होते. दोनदा आययूआय फसले यावरूनही निराश होऊ नये; त्या उपचारात प्रत्येक खेपेला यशाचे प्रमाण मुळातच कमी असते. पुढे आयव्हीएफ झाले आणि पहिल्या खेपेला मूल झाले नाही, तरी किती बीजे फलित झाली आणि भ्रूण कसे वाढले याची जी माहिती हाती येईल, ती कोणत्याही आगाऊ संचापेक्षा अधिक मोलाची असेल.

मग तो प्रगत तपासण्यांचा संच करावा का? संचातल्या प्रत्येक तपासणीबद्दल आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: हिचा निकाल चांगला आला तर आपण काय करू, आणि वाईट आला तर काय वेगळे करू? दोन्ही वेळी उत्तर ‘आयव्हीएफच करू’ असे असेल, तर ती तपासणी करू नये. प्रयोगशाळेलाही विचारावे की, यश सांगता येते म्हणजे फलनाचे की जिवंत मुलाच्या जन्माचे, आणि ते कोणत्या रुग्णांत पाहिले आहे. माझ्या मते आपल्या आजच्या परिस्थितीत त्या संचाची गरज नाही.

त्याऐवजी ज्या गोष्टीचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही, ती आधी करावी. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा पुरुष वंध्यत्वाचे तज्ज्ञ यांच्याकडून प्रत्यक्ष शारीरिक तपासणी करून घ्यावी. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पुरुषाला मात्र कोणी तपासत नाही, ही मला अतिशय खटकणारी गोष्ट आहे. वृषणाजवळच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हाताने तपासून कळते; तिच्यावर उपचार केल्यावर आकडे सुधारल्याचे आणि डीएनए खंडन कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. धूम्रपान असल्यास बंद करावे. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा तत्सम औषधे घेत असाल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे; अशा औषधांनी मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती बंदही पडू शकते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये. अमेरिकेत २,३७० पुरुषांना फॉलिक आम्ल आणि जस्त किंवा त्यांसारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देऊन केलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, जिवंत जन्मांचे प्रमाण अनुक्रमे ३४ आणि ३५ टक्के राहिले.

‘माझ्यामुळे’ या आपल्या शब्दाबद्दलही लिहायला हवे. आपले आकडे सौम्य कमतरतेचे आहेत आणि तेही तापाच्या सावटातले. तीन वर्षे दिवस न राहण्याचे कारण त्यांतच आहे असे कोणताही जाणकार ठामपणे म्हणू शकणार नाही, कारण पत्नीच्या तपासण्या सामान्य असल्या, तरी बीजांची प्रत त्यांतून थेट कळत नाही. हा दोष कोणाच्या माथी मारण्याचा विषय नाही, आणि पुरावा तर तो आपल्या माथी मारूही देत नाही. हा अहवाल पत्नीसोबत बसून वाचावा आणि पुढच्या भेटीला दोघांनी मिळून जावे. झोप न लागणे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. बहुतेक केंद्रांत समुपदेशक असतात.

पत्नीचे वय ३३ आहे, म्हणून तापानंतरचे तीन महिने भरेपर्यंत थांबण्यात मोठे नुकसान नाही. त्या ३८-३९ वर्षांच्या असत्या तर मी थांबण्याचा सल्ला दिला नसता. या अवधीत शारीरिक तपासणी आणि आययूआयच्या नोंदी मिळवणे ही कामे उरकावीत. दुसऱ्या अहवालात संख्या बरीच घसरून मिलिलिटरला ५० लाखांच्या खाली गेली, तर संप्रेरकांच्या आणि गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल तज्ज्ञांना विचारावे. आकडे सुधारले आणि तीव्र व्हेरिकोसीलसारखे काही आढळले नाही, तर आणखी काही खेपा आययूआय करावे की सरळ आयव्हीएफकडे जावे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. आणि आकडे आजच्यासारखेच राहिले, तर आणखी तपासण्यांची वाट न पाहता आयव्हीएफ सुरू करावे. साधे फलन की इक्सी, हा निर्णय त्या दिवशीचा धुतलेला नमुना पाहून डॉक्टर घेतील.